दुर्गंधी फुलांचे कंद घरी वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही झाडे नेमकी कोणती, आणि पुण्याच्या हवेत ती घरी वाढतात का?

ही सुरणाच्या कुलातली झाडे आहेत. अळू, मनी प्लांट, अँथुरियम आणि पीस लिली ही आपल्या परिचयाची मंडळीही याच कुलातली. परंतु येथे विचार केला आहे तो प्रामुख्याने अ‍ॅमॉर्फोफॅलस या वंशातल्या आणि त्याच्या जवळच्या काही कंदवर्गीय झाडांचा, ज्यांचा फुलोरा उमलल्यावर सडक्या मांसासारखा किंवा शेणासारखा वास सोडतो. या वंशात दोनशेच्या वर जाती आहेत आणि त्यांतल्या काही आपल्या सह्याद्रीतच उगवतात. स्वयंपाकघरातला सुरण हा त्यांच्यापैकीच एक, आणि पावसाच्या तोंडावर कोकणातल्या व मावळातल्या घरांत ज्याची भाजी होते तो शेवळा हा दुसरा.

पुण्यात ही झाडे वाढतात, एवढेच नव्हे तर फार लाड न करता वाढतात. पावसाळ्यात भरपूर ओल, त्यानंतर कोरडा हिवाळा आणि तापलेला उन्हाळा हे आपले ऋतुचक्र या कंदांच्या जागण्या-झोपण्याच्या वेळांशी आपोआप जुळते. थंड देशांतल्या हौशी लोकांना जे काचघरात हीटर लावून साधावे लागते, ते आपल्याकडे मृग नक्षत्र करून देते.

सुरुवात कोणत्या झाडापासून करावी?

सुरणापासून करावी. परदेशी जातींचा मोह मी समजू शकतो, पण ज्याने मंडईतला सुरण कुंडीत लावून दोन पावसाळे सांभाळला नाही, त्याने महागडा कंद मागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुरण स्वस्त आहे, काटक आहे, आणि त्याचा फुलोरा या गटातल्या कोणत्याही विदेशी फुलोऱ्याच्या तोडीस तोड चमत्कारिक दिसतो: जमिनीलगत पसरलेला, झालरीच्या कडांचा, जांभळट-तपकिरी रंगाचा रुंद पेला आणि त्यातून वर आलेला मेंदूसारखा सुरकुतलेला गडद गोळा.

सुरणानंतर कोनजॅक ही जाती घेता येते. जपानमध्ये तिच्या कंदापासून कोन्याकू नावाचा जेलीसारखा खाद्यपदार्थ करतात, आणि तिचा फुलोरा सुरणापेक्षा लहान कंदावरही येतो. बल्बिफर या जातीत पानाच्या फाट्यांवर छोटे कंद धरतात, ते मातीत पडले की नवी झाडे तयार होतात. त्यामुळे मित्रमंडळींत वाटायला ही जात सर्वांत सोयीची.

ज्यांच्याकडे कुंडीलाही जागा नाही त्यांच्यासाठी सौरोमॅटम, म्हणजे परदेशात व्हूडू लिली म्हणून विकले जाणारे झाड आहे. त्याचा पुरेसा मोठा कंद उन्हाळ्याच्या सुरुवातीला माती आणि पाणी यांच्याशिवाय, नुसत्या बशीत ठेवला तरी फुलतो. मी एकदा तो पुस्तकांच्या कपाटावर ठेवून गावाला गेलो होतो. परत आल्यावर दार उघडताक्षणी जे घडले त्यानंतर आमच्या घरात तो कंद बाल्कनीच्या अलीकडे येणार नाही असे ठरले, आणि तो ठराव आजतागायत पाळला जातो.

बाजारातला सुरण लावला तर उगवतो का?

उगवतो, मात्र त्याचा डोळा शाबूत असला पाहिजे. सुरणाच्या वरच्या बाजूला मध्यभागी एक खोलगट भाग असतो आणि त्यात फुगीर कोंब असतो, तोच डोळा. भाजीवाले पुष्कळदा तो छाटून टाकतात किंवा कंदाचे तुकडे करून विकतात. म्हणून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा महात्मा फुले मंडईत अख्खा, कोठेही मऊ न पडलेला, डोळा असलेला कंद निवडून मागावा. शेतकरी लागवडीसाठी मोठ्या कंदाचे तुकडे करतात तेव्हाही प्रत्येक तुकड्यावर मधल्या कोंबाचा थोडा भाग येईल असे कापतात आणि तुकडे शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवतात. फूल पाहण्याचा हेतू असेल तर मात्र कंद कापू नये, कारण फुलोरा येणे हे जवळजवळ पूर्णपणे कंदाच्या आकारावर अवलंबून असते.

गजेंद्र हे कमी खाजरे वाण आणि तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचे श्री पद्मा हे वाण लागवडीत आहेत. खाण्यासाठी ती उत्तम. दुर्गंधीच्या दृष्टीने वाणांमध्ये पाहण्यासारखा फरक मला आढळलेला नाही.

शेवळाची जुडी आणून लावता येईल का?

नाही. बाजारात जुडी येते ती शेवळाच्या न उमललेल्या फुलोऱ्यांची; कंद जंगलातच राहिलेला असतो. जुडी पाण्यात ठेवली तर एखादा फुलोरा उमलेलही, पण मुळे फुटणार नाहीत. शेवळाचा कंद जंगलातून खणून आणणे हा मार्गही सोडून द्यावा. राखीव वनातून असे काही काढून नेणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ज्या झाडाचे फुलोरे दरवर्षी भाजीसाठी खुडले जातात, त्याचे बी आधीच कमी पडते. त्यात कंदही गेला तर त्या जागी काही उरत नाही. शेवळा हवाच असेल तर ज्यांनी तो बियांपासून वाढवला आहे अशा माणसाकडून घ्यावा.

कंद कधी आणि किती खोल लावावा?

अक्षय्य तृतीयेला आळी घालण्याची जुनी प्रथा या झाडांनाही लागू पडते. त्या सुमारास किंवा मे अखेरपर्यंत कंद मातीत जावा, म्हणजे वळवाच्या सरींनी कोंब हलतो आणि मृगाच्या पावसात पान वर येते.

खोलीबाबत बहुतेकांची चूक होते. बटाटा, आले यांच्या सवयीने आपण कंद वरवर पुरतो. परंतु अ‍ॅमॉर्फोफॅलसची मुळे कंदाच्या तळातून नव्हे तर वरच्या बाजूने, कोंबाच्या भोवतीच्या भागातून फुटतात. वर पुरेशी माती नसेल तर मुळांना पसरायला जागाच मिळत नाही, आणि पान मोठे झाले की सगळे झाड कलते. म्हणून कंदाच्या डोक्यावर निदान कंदाच्या उंचीएवढी माती असावी. अर्ध्या किलोच्या कंदाला बारा इंची कुंडी चालते. दोन किलोच्या पुढच्या कंदाला मोठी पिशवी, जुनी बादली किंवा कापलेले पिंप घ्यावे, आणि तळाला सढळ हाताने भोके पाडावीत.

माती कशी असावी?

काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा हे मिश्रण मला वर्षानुवर्षे उपयोगी पडले आहे. कोकोपीट घालायचे तर थोडेच घालावे, कारण लांबलेल्या पावसात तो चिंब राहतो. पान वाढत असताना ही झाडे खादाड असतात. ऑगस्ट संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी शेणाची पातळ स्लरी किंवा मूठभर गांडूळखत द्यावे आणि मग बंद करावे.

एकच पान आले आहे. झाड आजारी आहे का?

मुळीच नाही. या झाडांना एका हंगामात बहुधा एकच पान येते. आपण ज्याला खोड समजतो तो ठिपक्यांचा जाड भाग म्हणजे पानाचा देठ, आणि वर छत्रीसारखा पसरलेला सगळा पसारा म्हणजे त्या एकाच पानाचे फाटे. त्या पानाने मिळवलेले अन्न खाली साठत जाते, जुना कंद आटतो आणि त्याच्या जागी दरवर्षी नवा, सहसा अधिक मोठा कंद तयार होतो. त्यामुळे वाऱ्याने किंवा मुलांच्या चेंडूने ते एक पान मोडले, तर वर्षभराची कमाईच बुडते. गच्चीवर कुंडी असेल तर ती कठड्याच्या आडोशाला, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावी.

पाणी किती द्यावे?

पान हिरवे असताना माती ओलसर राहील इतके. पुण्यात जून ते सप्टेंबर बहुधा वरूनच पुरते, तरी शहराच्या पश्चिमेला, पाषाण-बावधनकडे, हडपसर-वाघोलीपेक्षा पाऊस बराच जास्त पडतो हे ध्यानात घ्यावे. पश्चिमेकडच्या उघड्या गच्चीवर जुलैतल्या झडीत कुंड्या आडोशाला घ्याव्या लागतात, तर पूर्वेकडे उघडीप पडली की हाताने पाणी घालावे लागते.

दिवाळीच्या आगेमागे पान पिवळे पडू लागले की पाणी निम्म्यावर आणावे आणि देठ आडवा पडल्यावर पूर्ण थांबवावे. येथेच सर्वाधिक कंद मरतात. रिकामी दिसणारी कुंडी पाहून घरातले कोणीतरी दया येऊन तिला रोज तांब्याभर पाणी घालते, झोपलेल्या कंदाला ते शोषता येत नाही, आणि मार्चमध्ये उकरून पाहावे तर हाताला लागतो तो आंबूस वासाचा लगदा. माझे पहिले तीन कंद असेच गेले, आणि पाणी घालणारे कोणीतरी दुसरे कोणी नसून मीच होतो.

झोपेच्या काळात कंद कुंडीतच ठेवावा की काढावा?

दोन्ही चालते. पावसाचे किंवा शेजारच्या कुंड्यांचे पाणी लागणार नसेल तर कुंडी जिन्याखाली सरकवून द्यावी आणि विसरून जावे. काढायचा असेल तर वरची सुकी माती झटकून, न धुता, चार-पाच दिवस सावलीत वाळवावा आणि कोरड्या वाळूत किंवा गोणपाटात, हवा खेळेल असा ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नये. काढण्याचा फायदा असा की वजन करता येते. दरवर्षीचे वजन कंदावर पेनाने लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. महिन्यातून एकदा पाहणी करून पांढरी, कापसासारखी पिठ्या ढेकणाची वस्ती दिसल्यास जुन्या दातब्रशने काढून निंबोळी तेलाचे पाणी पुसावे.

फूल कधी येईल?

कंद पुरेसा जड झाल्यावर. माझ्याकडे सुरणाचे कंद साधारणपणे एक किलोच्या पुढे गेल्यावर फुलले, आणि तेही दरवर्षी नव्हे. शेतात सुरण क्वचित फुललेला दिसतो, कारण तो आठ-नऊ महिन्यांत काढून विकला जातो. त्याला मोठे होऊ देणारे आपल्यासारखे रिकामटेकडेच.

फुलोरा पानाच्या आधी, एप्रिल ते जूनच्या दरम्यान, उघड्या मातीतून येतो. पानाचा कोंब सडपातळ आणि टोकदार असतो, फुलाचा कोंब तुलनेने जाड व फुगीर असतो. पण खात्री करण्यासाठी तो उकरून किंवा सोलून पाहू नये. फुलोऱ्यानंतर त्याच हंगामात पान येऊ शकते, तेव्हा फूल वाळले म्हणजे कंद संपला असे समजून कुंडी रिकामी करू नये.

हा वास येतो तरी कशासाठी?

माश्या आणि भुंगेऱ्यांना फसवण्यासाठी. आपण ज्याला फूल म्हणतो तो प्रत्यक्षात पूर्ण फुलोरा असतो. बाहेरच्या पेल्यासारख्या आवरणाला वनस्पतिशास्त्रात महाछद म्हणतात, आणि मधल्या दांड्याला स्थूलकणिश. या दांड्याच्या तळाशी बारीक मादीफुले, त्यांच्या वर नरफुले, आणि टोकाला उपांग नावाचा वांझ भाग असतो. वास या उपांगातून येतो. उपांग त्या वेळी तापते आणि उष्णतेमुळे वास दूरवर पसरतो. सौरोमॅटममध्ये ते भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक गरम होऊ शकते. ही ऊब सुरू करणारा संदेश सॅलिसिलिक आम्ल देते हे १९८७ मध्ये याच झाडावर सिद्ध झाले. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचे नातेवाईक असलेले हे द्रव्य कंदाच्या फुलात शेगडी पेटवते, याचे मला अजूनही नवल वाटते.

वासातली मुख्य द्रव्ये म्हणजे डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही गंधकाची संयुगे, जी सडणाऱ्या मांसातूनही बाहेर पडतात. मेजवानीच्या आशेने आलेला कीटक आत उतरतो, आणि अंगावर दुसऱ्या फुलोऱ्याचे परागकण असतील तर ते मादीफुलांवर सांडतो. पहिल्या दिवशी फक्त मादीफुले तयार असतात, नरफुलांतले पराग त्यानंतर सुटतात. त्यामुळे एकाच फुलोऱ्यात स्वपरागण सहसा होत नाही.

वास किती दिवस टिकतो, आणि सोसायटीत तक्रार आली तर काय करावे?

तीव्र वास एक ते दोन दिवसच असतो, आणि संध्याकाळनंतर तो अधिक जाणवतो. वासाने प्रकृतीला अपाय होत नाही. मात्र ज्यांना उग्र वासाने डोके दुखते त्यांनी दूर राहावे.

मोठी कुंडी आधीपासूनच चाकांच्या फळीवर ठेवली असेल तर कळी उमलण्याच्या बेतात येताच ती गच्चीवर हलवता येते. हे शक्य नसेल आणि तक्रार गंभीर असेल तर उपांग धारदार सुरीने कापून टाकावे. वास जवळपास थांबतो आणि महाछदाचे सौंदर्य राहते. मला हा उपाय मिठाशिवाय भेळ खाण्यासारखा वाटतो, पण शेजारधर्मही महत्त्वाचा आहे.

आमच्या इमारतीत पहिल्यांदा सुरण फुलला तेव्हा सुरक्षारक्षकाने दोन तास डक्टमध्ये मेलेला उंदीर शोधला होता. त्यानंतरच्या वर्षापासून मी दारावर पाटी लावतो: ‘येथे उंदीर मेलेला नाही. सुरण फुलला आहे. पाहायचा असल्यास सायंकाळी सहा ते आठ या वेळेत बेल वाजवावी. दुपारी एक ते चार वाजवू नये.’ तक्रारी थांबल्या आणि प्रेक्षक वाढले.

लहान मुले व पाळीव प्राणी घरात असताना ही झाडे ठेवावीत का?

ठेवता येतात, पण आवाक्याबाहेर. या झाडांच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा तुकडा चावल्यास तोंडाला आणि घशाला तीव्र खाज सुटून सूज येते. असे झाल्यास तोंड धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, आणि कुत्र्या-मांजरासाठी पशुवैद्याकडे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत किंवा सुरण चिरण्यापूर्वी लावतात तसे खोबरेल हाताला चोळावे. सुरणाला चिंच किंवा आमसूल आणि शेवळाला काकड हे आंबट रानफळ घालून शिजवण्याची रीत या खाजेसाठीच आहे. कोणती जात आहे याची खात्री नसलेला कंद मात्र चिंच घालूनही खाऊ नये.

देठ बुडाशी कुजून झाड आडवे पडले. आता काय?

मातीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसत असतील तर ती कॉलर रॉटची लक्षणे आहेत. कुंडी वेगळी करावी, पाणी थांबवावे, कंद काढून कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापावा, राख लावून सुकवावा. ती माती पुन्हा वापरू नये. पुढच्या लागवडीत शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळावी. निम्म्याहून अधिक कंद गेला असेल तर आशा सोडलेली बरी.

जगातले ते सर्वांत मोठे ‘प्रेतफूल’ पुण्यात घरी लावता येईल का?

टायटॅनम ही ती जाती. ती सुमात्रा बेटावरची. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ मध्ये ती प्रथम नोंदवली, आणि लागवडीत तिचे पहिले फूल १८८९ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात आले. फुलोरा तीन मीटरांपर्यंत जातो, पान त्याहूनही उंच वाढते, आणि एडिनबरोच्या वनस्पती उद्यानातल्या एका कंदाचे वजन १५३.९ किलो भरले होते. तिला वर्षभर ऊब आणि दमटपणा लागतो. आपल्या जानेवारीतल्या दहा अंशांच्या रात्री आणि एप्रिलमधली कोरडी झळ हे दोन्ही तिला मानवत नाही. सदनिकेत तिचा विचार करू नये.

इंटरनेटवर तिच्या नावाने रंगीबेरंगी ‘बिया’ स्वस्तात विकल्या जातात, त्यांवर विश्वास ठेवू नये. परदेशातून कंद किंवा बी टपालाने मागवणेही सोपे नाही: प्लांट क्वारंटाइन आदेश २००३ नुसार त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. वेगळ्या जाती हव्या असतील तर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातल्या विक्रेत्यांकडे आणि सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांत चौकशी करावी.

सापकांदाही असाच दुर्गंधी असतो का?

नाही, त्याचा वास सहसा जाणवतही नाही. पण पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर फणा काढल्यासारखा दिसणारा हा अ‍ॅरिसेमा सुरणाचाच नातेवाईक आहे आणि त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे: कंद लहान असताना झाड नर असते, अन्नसाठा वाढला की मादी होते, आणि वाईट वर्षानंतर पुन्हा नर होऊ शकते. तो डोंगरातच पाहावा.

घरी फळे आणि बी धरता येते का?

दोन झाडे एक-दोन दिवसांच्या अंतराने फुलली तर येते. आधी फुललेल्या झाडाचे पराग सुटले की ते मऊ ब्रशने कोरड्या कागदावर गोळा करावेत, घडी घालून बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवावेत (डबीवर ठळक नाव लिहावे, हे स्वयंपाकघरातल्या शांततेसाठी), आणि दुसरा फुलोरा उमलून वास मारू लागताच त्याच संध्याकाळी तळाच्या मादीफुलांवर लावावेत. महाछद आड येत असेल तर त्याला खालच्या बाजूने छोटी खिडकी कापली तरी चालते.

परागण साधले तर सुरणाचा दांडा उंच होत जातो आणि त्यावर कणसासारखी दाटीने फळे धरतात. ती पिकून लाल झाली की बुलबुलांच्या आधी आपण काढावीत. हातमोजे घालून गर धुऊन टाकावा आणि बी लगेच पेरावे, कारण ते वाळवून ठेवले तर उगवत नाही. पहिल्या वर्षी बोटाएवढे पान आणि हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा कंद मिळतो. फूल पाहायला तिथून पुढे कित्येक पावसाळे लागतात.